गेथर्सबर्गचा विमान अपघात, 8 डिसेंबर 2014: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कुठेही लहान विमान घरांवर पडलं की मेरीलँडमधल्या या अपघाताचा विषय पुन्हा निघतो. त्यासोबत ‘पक्षी धडकले होते’, ‘इंजिन बंद पडलं होतं’, ‘वैमानिक नवशिका होता’ अशा ऐकीव गोष्टीही परत फिरू लागतात. यातली एकही खरी नाही. तपास पूर्ण झाला, अहवालही आला आणि कारण बऱ्यापैकी नेमकं सापडलं. ज्यांचा विमानांशी संबंध फक्त तिकिटापुरता आहे, त्यांना समजेल अशा भाषेत ही उत्तरं लिहिली आहेत.

नेमकं काय घडलं?

सोमवारी, 8 डिसेंबर 2014 रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथल्या होरेस विल्यम्स विमानतळावरून एक लहान खाजगी जेट निघालं. त्याला मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गच्या माँटगोमेरी काउंटी एअरपार्कवर उतरायचं होतं. वॉशिंग्टनच्या वायव्येला सुमारे 35 किलोमीटरवरचं हे उपनगर. विमानात वैमानिक आणि दोन प्रवासी होते. 10 वाजून 41 मिनिटांच्या सुमारास, धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरवर असताना विमान एका बाजूला कलंडलं आणि खालच्या वस्तीत कोसळलं.

तीन घरांना तडाखा बसला. विमानाचा एक पंख तुटून इंधनासकट एका घरात घुसला आणि ते घर पेटलं. घरात आई आणि तिची दोन लहान मुलं होती, त्यांतलं एक तान्हं. तिघंही धुरामुळे गेली. विमानातले तिघं आणि घरातले तिघं, असे एकूण सहा मृत्यू झाले. मृतांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

विमान कोणतं होतं? सेसना का?

नाही. ‘लहान विमान’ म्हटलं की चार आसनांचं, पुढे पंखा असलेलं सेसना डोळ्यांसमोर येतं, पण हे ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं फेनम 100 होतं. दोन जेट इंजिनं, उड्डाणाच्या वेळी कमाल वजन पावणेपाच टनांच्या आसपास आणि आत चार-पाच प्रवाशांची सोय. एकट्या वैमानिकाने चालवण्याची परवानगी असलेलं हे जेट आहे. उद्योजक, डॉक्टर अशी मंडळी ते विकत घेतात आणि स्वतःच चालवतात. इथेही वैमानिक पेशाने डॉक्टर आणि एका कंपनीचा प्रमुख होता.

पक्षी धडकल्याची बातमी तर पहिल्याच दिवशी आली होती ना?

आली होती. त्या सकाळी विमानतळाच्या आसपास पक्षी दिसल्याचं बोललं गेलं होतं आणि वाहिन्यांनी तेवढाच धागा पकडला. तपासात पक्षी धडकल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही. अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत कारण म्हणून जे सांगितलं जातं, ते कानामागे टाकलेलंच बरं.

इंजिन बंद पडलं होतं का?

नाही. दोन्ही इंजिनं व्यवस्थित चालू होती. बिघडला तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा प्रवाह.

विमान हवेत राहतं ते पंखांमुळे. विमान हळू जाऊ लागलं की तेवढीच उचल (विमानाला वर धरणारा हवेचा जोर) मिळवण्यासाठी नाक थोडं वर धरावं लागतं, म्हणजे पंख समोरच्या हवेला जास्त कोनात सामोरा जातो. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहायची थांबते आणि उचल एकाएकी कोसळते. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. पुरेशी उंची असेल तर नाक खाली दाबून, वेग वाढवून सावरता येतं. शिकाऊ वैमानिकांकडून हा सराव मुद्दाम उंचावर करून घेतात. गेथर्सबर्गमध्ये स्टॉल आला तेव्हा विमान जमिनीपासून काही शे फुटांवर होतं. तेवढ्या उंचीत सावरणं शक्य नव्हतं.

मग मूळ कारण काय?

पंखांवर साचलेलं बर्फ, आणि ते काढणारी यंत्रणा विमानात असूनही चालू न करणं.

गोठणबिंदूच्या खालच्या तापमानात ढगांतून जाताना ढगातले अतिथंड थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतात आणि तिथेच गोठतात. थर जाड असायलाच हवा असं नाही. नुसता खरबरीतपणाही हवेचा प्रवाह बिघडवायला पुरतो. परिणाम असा की पंख नेहमीपेक्षा कमी कोनात, म्हणजेच नेहमीपेक्षा जास्त वेगाला स्टॉल होतो. स्वच्छ पंखाला जो वेग चालला असता, तो बर्फाळलेल्या पंखाला पुरत नाही.

फेनमच्या पंखांच्या आणि शेपटीच्या आडव्या पृष्ठभागाच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात. त्यांना ‘बूट’ म्हणतात. बटण दाबलं की इंजिनातून घेतलेल्या हवेने ते ठरावीक अंतराने फुगतात आणि वरचं बर्फ तडकून उडून जातं. त्या सकाळी जमिनीजवळचं तापमान शून्याच्या आसपास होतं आणि विमान ढगांतून खाली येत होतं. अशा हवेत ही यंत्रणा चालू करा, असं विमानाच्या कार्यपद्धतीत स्पष्ट लिहिलेलं आहे. उतरतानाच्या संपूर्ण टप्प्यात ती बंद होती.

म्हणजे एक बटण दाबलं असतं तर वाचले असते?

बहुतेक हो. पण ‘एक बटण विसरला’ इतकं सोपं करून टाकलं तर यातला महत्त्वाचा भाग हातून निसटतो, म्हणून इथे थोडं सविस्तर.

त्या बटणाने तीन गोष्टी होतात. पहिली उघडच आहे: बर्फ निघतं. दुसरी कमी लोकांना माहीत असते. बटण दाबल्यावर स्टॉलची आगाऊ सूचना देणारी यंत्रणाही सावध होते आणि पंख बर्फाळलेला आहे असं धरून इशारा लवकर देते. बटण बंद असेल तर यंत्रणा पंख स्वच्छ असल्याचं गृहीत धरते. त्यामुळे गेथर्सबर्गमध्ये इशारा वाजला तो जवळपास स्टॉल सुरू झाल्यावरच. त्या क्षणी वेग 88 नॉटच्या आसपास होता, म्हणजे ताशी सुमारे 163 किलोमीटर. त्यानंतर विमान डावी-उजवीकडे हिंदकळलं आणि उलटंपालटं झालं.

तिसरी गोष्ट आकडेमोडीची. यंत्रणा चालू असताना उतरण्याचा वेग जास्त ठेवावा लागतो. त्या दिवशीच्या वजनाला तो सुमारे 120 नॉट यायला हवा होता. वैमानिकाने धरलेला वेग होता 92 नॉटच्या आसपास, म्हणजे बर्फ नसलेल्या दिवसाचा. वेग वाढला की उतरल्यावर थांबायला लागणारं अंतरही वाढतं. या एअरपार्कची धावपट्टी 4,202 फूट, म्हणजे जेमतेम 1,280 मीटर आहे. जेटसाठी ही लांबी आखूडच म्हणायची.

आता हे दोन मुद्दे शेजारी ठेवून पाहा. बटण दाबलं तर जास्त वेग, जास्त वेग म्हणजे जास्त लांबीची धावपट्टी, आणि समोर आखूड धावपट्टी. वैमानिकाने बटण का दाबलं नाही हे अहवाल ठामपणे सांगत नाही. मेलेल्या माणसाच्या मनातलं कोण सांगणार? पण त्याचं वागणं धावपट्टी पुरेल की नाही याची काळजी असलेल्या माणसाच्या वागण्याशी जुळतं, एवढं तपासात नोंदवलेलं आहे.

माझं मत विचाराल तर ही सगळी गोष्ट त्या 4,202 फुटांभोवती फिरते. हवा बर्फाची असेल आणि धावपट्टी पुरणार नसेल, तर लांब धावपट्टीच्या विमानतळावर जाणं हाच मार्ग होता. वॉशिंग्टनच्या परिसरात ड्यूलस आहे, बाल्टिमोर आहे. तिथून टॅक्सीने गेथर्सबर्ग तासाभराच्या अंतरावर. पण जिथे जायचं ठरवलंय तिथेच जायचं, हा हट्ट सुशिक्षित, हुशार, वेळेची किंमत जाणणाऱ्या माणसांत जास्तच दिसतो.

वैमानिक नवशिका होता का?

मुळीच नाही. त्याच्याकडे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा, म्हणजे अमेरिकेतला सर्वांत वरच्या दर्जाचा परवाना होता आणि चार हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. हे विमान चालवण्याची वेगळी परीक्षाही तो त्याच वर्षी उत्तीर्ण झाला होता.

एक जुनी नोंद मात्र आहे. मार्च 2010 मध्ये, याच एअरपार्कवर, दुसरं विमान (टीबीएम 700) उतरवताना बेत रद्द करून पुन्हा वर जाण्याच्या प्रयत्नात त्याचा ताबा सुटला होता आणि विमान झाडीत गेलं होतं. तेव्हा त्याला इजा झाली नव्हती. 2014 नंतर लोकांनी ही जुनी घटना उकरून काढली. त्यावरून माणसाचा निवाडा करू नये असं मला वाटतं. तरी तीच धावपट्टी आणि तीच लांबी, हे नजरेआड करता येत नाही.

त्याला बर्फाची कल्पनाच नसेल तर?

तशी शक्यता फार कमी. हवामानाचा अंदाज उपलब्ध होता, बाहेरचं तापमान पॅनेलवर दिसत होतं आणि तो ढगांतून येत होता.

ब्लॅक बॉक्स इतक्या लहान विमानात असतो?

बहुतेकदा नसतो, आणि या विमानाला नियमाने सक्तीही नव्हती. तरी फेनममध्ये आवाज आणि उड्डाणाची माहिती एकत्र नोंदवणारी पेटी होती. ती शाबूत सापडली. कोणतं बटण कधी चालू होतं, वेग किती होता, इशारा केव्हा वाजला, हे सगळं त्यामुळेच कळलं. पेटी नसती तर हा अपघात ‘उतरताना ताबा सुटला’ या एका ओळीत संपला असता आणि पक्ष्यांची गोष्ट कायमची चिकटून राहिली असती.

तपास कुणी केला? अहवालात काय म्हटलंय?

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने. हे मंडळ विमानं उडवण्याचे नियम करत नाही. ते काम एफएए या दुसऱ्या संस्थेचं. ही फारकत मुद्दाम केलेली आहे, कारण नियम करणाऱ्यानेच स्वतःच्या नियमांची चूक शोधायची म्हटलं तर अवघड होतं.

मंडळाने 7 जून 2016 रोजी अहवाल मंजूर केला. त्याचा आशय असा: बर्फ साचण्याजोग्या हवेत पंख आणि शेपटीवरची बर्फ काढणारी यंत्रणा न लावता उतरण्याचा प्रयत्न केला, हवामान आणि वजन यांना साजेसे वेग वापरले नाहीत, आणि या दोन्हींमुळे सावरता येणार नाही इतक्या कमी उंचीवर स्टॉल झाला.

मला यातली सर्वांत कामाची वाटते ती शिफारस. एकट्या वैमानिकाने चालवायच्या अशा जेटमध्ये बर्फाची हवा आली की ‘यंत्रणा चालू कर’ अशी आठवण विमानानेच करून द्यावी, अशी व्यवस्था विकसित करा, असं मंडळाने सुचवलं. मोठ्या विमानात शेजारी दुसरा वैमानिक बसलेला असतो, तो विचारतो. इथे विचारायला कुणी नव्हतं. सोबत हिवाळी उड्डाणांच्या प्रशिक्षणाबद्दलही शिफारस होती.

विमानतळावरच्या कंट्रोलरने काही सांगितलं नाही?

या एअरपार्कला कंट्रोल टॉवरच नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य लहान विमानतळांवर नसतो. शेवटच्या टप्प्यात वैमानिक एका सामायिक रेडिओ लहरीवर ‘मी इथे आहे, उतरतोय’ असं सांगतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. टॉवर असता तरी पंखावरचं बर्फ कंट्रोलरला दिसलं नसतं.

घरांच्या इतक्या जवळ विमानतळ कसा काय?

हा प्रश्न उलटा विचारायला हवा. एअरपार्क 1960 च्या सुमारास सुरू झाला तेव्हा आजूबाजूला मुख्यतः शेतं होती. पुढे वॉशिंग्टनची उपनगरं 270 क्रमांकाच्या महामार्गाच्या कडेने वर सरकत गेली आणि घरं विमानतळाच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपली. रहिवासी आवाजाची तक्रार करत होतेच. अपघातानंतर त्या तक्रारीला भीतीची धार आली.

विमानतळ काउंटीच्या महसूल प्राधिकरणाच्या मालकीचा आहे, म्हणून लोकांना वाटतं की काउंटीने ठरवलं तर जेट बंद करता येतील. तसं नाही. आकाशावर हुकूम चालतो तो केंद्राच्या एफएएचा. शिवाय केंद्राचं अनुदान घेतलेल्या विमानतळाला एखाद्या प्रकारच्या विमानांना मनाला येईल तशी बंदी घालता येत नाही. घरं कुठे बांधू द्यायची हे मात्र काउंटीच्या हातात होतं, आणि तो निर्णय कित्येक दशकांपूर्वी होऊन गेला. दोन्ही बाजूंचे लोक सभांमध्ये तावातावाने बोलतात. या एका मुद्द्यावर मात्र सगळे पटकन पुढे सरकतात.

त्याच विमानतळाजवळ पुन्हा अपघात झाला का?

हो, आणि तो जगभर गाजला. 27 नोव्हेंबर 2022 च्या संध्याकाळी धुक्यात याच एअरपार्ककडे येणारं एक लहान मूनी विमान प्रमाणाबाहेर खाली आलं आणि उच्च दाबाच्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यात अडकलं. जमिनीपासून सुमारे शंभर फुटांवर विमान लटकलं होतं आणि आत दोन माणसं जिवंत होती. तारांमधला प्रवाह बंद करून आणि विमान मनोऱ्याला बांधून दोघांना खाली आणेपर्यंत मध्यरात्र उलटली. एक लाखाहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी काउंटीच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. 2014 च्या अपघाताशी याचा संबंध विमानतळापुरताच. बर्फ इथे नव्हतं.

जमिनीवर मेलेल्यांच्या कुटुंबाला भरपाई कोण देतं?

विमानाचा मालक, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेकदा त्याची विमा कंपनी, आणि ती न्यायालयात किंवा समझोत्याने. एक गोष्ट अनेकांना चकित करते: एनटीएसबीने काढलेलं ‘संभाव्य कारण’ अमेरिकेत नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी आहे, त्याचं हत्यार होऊ नये, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतील, असा त्यामागचा विचार. तपासात जमवलेली तथ्यं मात्र वापरता येतात.

आपल्याकडे असं कधी झालंय?

झालंय, आणि मुंबईच्या उपनगरातच. 28 जून 2018 रोजी जुहू विमानतळावरून चाचणी उड्डाणासाठी निघालेलं किंग एअर सी 90 हे विमान घाटकोपर पश्चिमेला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्याने जाणारी एक व्यक्ती, असे पाच जण गेले. कामगार दुपारच्या जेवणासाठी बाजूला गेले होते, नाहीतर आकडा कुठे गेला असता याची कल्पनाही नको वाटते. दिल्लीच्या वेशीवर फरिदाबादला 25 मे 2011 रोजी पाटण्याहून रुग्ण घेऊन येणारं पिलाटस विमान वस्तीतल्या घरांवर पडलं होतं. विमानातले सात आणि खालचे तीन, असे दहा मृत्यू झाले.

आपल्याकडे तपासासाठी स्वतंत्र विभाग, म्हणजे एएआयबी, 2012 मध्ये स्थापन झाला. एनटीएसबी मंत्रालयापासून स्वतंत्र आहे. एएआयबी मात्र नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्याच अखत्यारीत येतो. हा फरक किरकोळ नाही.

प्रवासी विमानातही पंखांवर बर्फ साचतं का? मला भीती वाटते.

साचतं, आणि ते काढलंही जातं. बहुतेक मोठ्या जेटच्या पंखांची पुढची कड इंजिनाच्या गरम हवेने तापवली जाते, त्यामुळे तिथे बर्फ टिकतच नाही. हिवाळ्यात शिकागो किंवा न्यूअर्कहून निघताना विमानावर नारिंगी-हिरवा द्रव फवारताना पाहिला असेल. तो विमान जमिनीवर उभं असताना त्यावर साचलेल्या बर्फासाठी. त्यामुळे निघायला उशीर झाला तर कुरकुर करू नका, चहा घ्या.

आम्ही त्या भागात घर बघतोय. काय तपासावं?

गेथर्सबर्ग, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग या पट्ट्यात मराठी कुटुंबं बरीच आहेत, म्हणून हा प्रश्न वारंवार येतो. माँटगोमेरी काउंटीत घर विकताना पाच मैलांच्या परिसरातल्या विमानतळांची आणि हेलिपॅडची यादी विक्रीच्या कागदपत्रांत द्यावी लागते. ती यादी सह्यांच्या गठ्ठ्यात मागे कुठेतरी असते आणि एजंट तिथे थांबत नाही. तुम्ही थांबा.

नुसत्या अंतराला फारसा अर्थ नाही. नकाशावर धावपट्टीची रेघ दोन्ही टोकांनी पुढे वाढवा. त्या रेघेखालची घरं आणि तितक्याच अंतरावर पण बाजूला असलेली घरं यांत आवाजाचाही फरक पडतो आणि धोक्याचाही, कारण विमानं सर्वांत खाली आणि सर्वांत हळू असतात ती त्या रेघेवर. 2014 चं विमान धावपट्टी 14 वर, म्हणजे वायव्येकडून येत होतं आणि ती तिन्ही घरं त्या दिशेच्या वस्तीत होती. जमल्यास शनिवारी स्वच्छ ऊन असताना तासभर त्या गल्लीत उभे राहा. विमानं किती आणि किती खालून जातात ते तेव्हाच समजेल. शेजाऱ्यांना विचारलंत तर आणखी बरंच कळेल, पण त्यासाठी तासाभरापेक्षा जास्त वेळ हाताशी ठेवा.